लक्ष टिकत नाही, तरी काम कसे होते : एडीएचडी असलेल्यांसाठी कामाची पद्धत

ज्यांना एडीएचडीचे, म्हणजे लक्ष आणि चंचलता यांवरचा ताबा अपुरा पडण्याच्या अवस्थेचे, निदान नुकतेच झाले आहे किंवा आपल्याला ते असावे अशी दाट शंका आहे, आणि ज्यांच्यासमोर उद्या सकाळचे काम तसेच उभे आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. मी बोरिवलीत राहतो, कायदेशीर आणि विम्याच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करतो, आणि माझे निदान वयाच्या अडतिसाव्या वर्षी झाले. तोपर्यंत शाळेच्या प्रगतीपुस्तकातला ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा मी स्वतःचा स्वभाव म्हणूनच वागवत आलो होतो. पुढे जे सांगतो आहे ते सगळे मी स्वतः करून पाहिलेले आहे, आणि त्यातले सगळेच तुम्हाला लागू पडेल असे नाही. आपली पद्धत आपणच शोधावी लागते. ती कशी शोधायची, एवढे मात्र सांगता येते.

आधी नावाचा घोळ सोडवू. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’, म्हणजे एडीडी, हे नाव आले. १९८७ च्या आवृत्तीत त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली आणि एडीएचडी हे नाव रूढ झाले. त्यामुळे ‘मला एडीडी आहे’ असे आज कोणी म्हणाले, तर बहुधा त्याला एवढेच सांगायचे असते की त्याची अस्वस्थता हातापायांत दिसत नाही, ती डोक्यात चालते. मराठीत अवधान-न्यूनता हा शब्द वापरतात, पण मला तो दिशाभूल करणारा वाटतो. अवधान असते, ते कुठे जावे आणि कुठून परत यावे यावरचा ताबा अपुरा असतो. म्हणूनच विम्याच्या पॉलिसीचे एक पान मला दोन तास पुरते, आणि त्याच संध्याकाळी वडिलांचे जुने घड्याळ उघडून बसलो की जेवणाची आठवण राहत नाही. घरच्यांना हे ढोंग वाटते, कारण ‘आवडीचे असले की बरे जमते’. हे ढोंग नाही. मेंदूतील डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांच्या कामकाजाशी याचा संबंध आहे. आवड, नावीन्य, आव्हान किंवा अगदी दाराशी आलेली मुदत यांपैकी काहीतरी असले की हा मेंदू उठतो, आणि केवळ ‘हे काम महत्त्वाचे आहे’ एवढ्या सांगण्याने तो उठत नाही.

पहिली पायरी : खातरजमा

निदान रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ तुमच्याशी, आणि शक्य असल्यास तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणाशी तरी, सविस्तर बोलून ते करतात. वर सांगितलेल्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या आवृत्तीनुसार लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलतेची नऊ अशी लक्षणे मानली आहेत. प्रौढ व्यक्तीत त्यांपैकी एका गटातली निदान पाच असावी लागतात, काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची असावी लागतात, आणि त्रास घरी व कामावर असा एकाहून अधिक ठिकाणी दिसावा लागतो. म्हणून आईच्या ट्रंकेत जुनी प्रगतीपुस्तके असतील तर ती सोबत न्या. माझ्या चौथीच्या पुस्तकातल्या तीन ओळींनी जे सांगितले, ते मला अर्ध्या तासात सांगता आले नसते.

थायरॉइडचा विकार, रक्ताल्पता, अपुरी झोप, नैराश्य किंवा चिंता यांमुळेही लक्ष लागेनासे होते. त्यामुळे प्रश्नावली भरून स्वतःच निदान करून मोकळे होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची छोटी चाचणी डॉक्टरकडे जावे की नाही हे ठरवण्यापुरती उपयोगी आहे, त्याहून जास्त नाही. मुंबईत परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो आणि रांगेची तयारी ठेवावी लागते. आधी नुसते बोलायचे असेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा मोफत क्रमांक आहे. ही सेवा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली.

औषधांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा आहे. आपल्याकडे मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमोक्सेटिन ही औषधे दिली जातात. त्यांपैकी मिथाइलफेनिडेटवर कायद्याचे कडक नियंत्रण आहे, ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि गल्लीतल्या लहान दुकानात बहुधा नसते, म्हणून गोळ्या संपायच्या चार-पाच दिवस आधीच सोय पाहावी. दुसऱ्याची गोळी ‘बघू तरी’ म्हणून कधीही घेऊ नये. रक्तदाब आणि हृदयाचा इतिहास पाहिल्याशिवाय डॉक्टरसुद्धा ती देत नाहीत. आणि गोळीने टेबलासमोर बसणे सोपे झाले, तरी टेबलावर काय घ्यायचे हे गोळी ठरवत नाही. उरलेला लेख त्याबद्दल आहे.

दुसरी पायरी : झालेल्या कामांची नोंद

न झालेल्या कामांची यादी आपल्या डोक्यात अखंड चालू असते, आणि तिने आजवर कोणाचे भले केलेले मला दिसले नाही. त्याऐवजी दोन आठवडे रोज रात्री झालेल्या कामाची एक ओळ लिहा : काय झाले, किती वाजता, कुठे बसून, जवळ कोण होते आणि त्याच्या लगेच आधी तुम्ही काय करत होता. काम लहान असले तरी चालेल. काहीच झाले नसेल तर तारीख लिहून ओळ मोकळी सोडा, कारणे लिहीत बसू नका.

माझ्या वहीतली जानेवारीतली एक नोंद अशी आहे : ‘मंगळवार, सकाळी ११.४०. बँकेच्या पत्राचे भाषांतर, दोन पाने. स्वयंपाकघरातले टेबल. आई समोर मटार सोलत होती. आधी दूध आणायला खाली जाऊन आलो.’ दोन आठवड्यांच्या अशा अकरा ओळी झाल्या, आणि त्यांतल्या आठ ओळींत जवळ कोणीतरी होते. काम करण्यासाठी मला शांत, बंद खोली हवी असे मी पंधरा वर्षे समजत होतो आणि तशी खोली दोन-अडीच खोल्यांच्या घरात मिळत नाही म्हणून कुढत होतो. वहीने सांगितले की बंद खोलीत माझे एकही काम झालेले नव्हते. शिवाय दुपारी दोननंतर काही होत नाही, आणि जिना उतरून-चढून आल्यावर पहिला तास चांगला जातो, हेही तिथेच कळले.

तुमच्या ओळी वेगळ्या असतील. कोणाचे काम रात्री अकरानंतर होते, कोणाचे लोकलमध्ये उभ्याने फोनवर होते. ही नोंद तुमच्यापुरती पुराव्याची आहे, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर शंका आली की तिच्याकडेच परत या.

तिसरी पायरी : काम डोक्याबाहेर ठेवणे

मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोहोचवत आहेत. घरातून निघालेला डबा वाटेत अनेक हातांतून जातो, आणि त्याचा पूर्ण प्रवास कोणा एकाला पाठ ठेवावा लागत नाही, कारण कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा हे झाकणावरचे रंग, अक्षरे आणि आकडे सांगतात. ज्याच्या हातात डबा येतो त्याला फक्त पुढचा टप्पा वाचायचा असतो. आपल्या कामाचेही असेच करावे. प्रत्येक कामावर त्याचा पुढचा टप्पा लिहिलेला असला पाहिजे, आणि तो टप्पा हाताने करता येईल इतका नेमका असला पाहिजे. ‘पॉलिसी पूर्ण करणे’ हा टप्पा नव्हे. माझ्या संगणकावर फाइलचेच नाव असे असते : ‘पॉलिसी, पान ७, वगळलेल्या बाबी या मथळ्यापासून पुढे’. काम थांबवताना शेवटचे अर्धे मिनिट मी हे नाव बदलण्यासाठी राखून ठेवतो.

दृष्टीआड सृष्टी ही म्हण आपल्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. कपाटात नीट लावून ठेवलेला कागद आपल्यापुरता संपलेला असतो. म्हणून चालू कामाचे कागद बंद ड्रॉवरमध्ये न ठेवता उघड्या ट्रेमध्ये ठेवा. पास, किल्ली आणि औषधाची डबी दाराच्या आतल्या बाजूला खुंटीवर एकाच पिशवीत असू द्या. विजेचे बिल आणि कर्जाचा हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी व्यवस्था एकदाच लावून टाका. मुदतींसाठी मी भिंतीवरचे कालनिर्णयच वापरतो. आई त्यात दुधाचे खाडे आणि गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहीत आली आहे. त्याच चौकटींत मी लाल पेनाने काम देण्याची तारीख लिहितो आणि तिच्या तीन दिवस आधी निळ्या पेनाने माझी स्वतःची तारीख लिहितो. पाणी प्यायला उठले की ते दिसतेच.

फोनवरची कामांची अ‍ॅप मी सात-आठ वापरून पाहिली. नवे अ‍ॅप नवे असते तोवर चालते, कारण नावीन्य हेच आपले इंधन आहे. तीन आठवड्यांनी ते उघडायचेच राहते. तुम्हाला एखादे टिकले असेल तर जरूर वापरा, पण दोन ठिकाणी याद्या ठेवू नका.

आणखी एक वस्तू मात्र लागेल : कच्ची वही. काम करताना ‘रेशनकार्डावरचे नाव बदलायचे राहिले’, ‘त्या पक्ष्याचे नाव काय होते’ असे विचार येतच राहणार. ते दाबायला गेले की अधिक उसळतात आणि त्यांच्यामागे गेले की तास जातो. उजव्या हाताशी कच्ची वही उघडी ठेवा, चार शब्द लिहा आणि परत वळा. संध्याकाळी ती वही पाहून जे खरोखर करायचे आहे तेवढे कालनिर्णयावर किंवा ट्रेमध्ये जाते. बहुतेक गोष्टी संध्याकाळपर्यंत आपोआप निकाली निघालेल्या असतात.

चौथी पायरी : सुरुवात

माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड जागा हीच आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती आळसासारखी दिसते. माणूस कामासमोर बसलेला असतो, काम करायचे हे त्याला मनापासून वाटत असते, आणि तरी हात उचलत नाही. त्या वेळी स्वतःला रागावून काही होत नाही. उलट पुढच्या वेळी त्या कामाच्या आठवणीला तो रागही चिकटून येतो आणि काम आणखी जड होते.

उपाय असा की सुरुवात इतकी लहान करावी की तिला नकार देण्यासारखे काही उरू नये. माझा क्रम ठरलेला आहे. चहाचा कप सिंकमध्ये ठेवला की लॅपटॉप उघडायचा. लॅपटॉप उघडला की फाइल उघडायची. फाइल उघडली की मूळ मजकुरातले पहिले वाक्य मोठ्याने वाचायचे. भाषांतर करायचे असे मी ठरवतच नाही, फक्त वाचायचे. दहापैकी सात वेळा तिसरे वाक्य वाचेपर्यंत हात टंकायला लागलेले असतात. ‘अमुक झाले की तमुक करायचे’ अशी आधी बांधलेली गाठ नुसत्या निश्चयापेक्षा जास्त उपयोगी पडते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासून मांडले आहे. गाठ बांधताना ‘दहा वाजता’ अशी वेळ घेण्यापेक्षा रोज हमखास घडणारी कृती घ्या. आपण घड्याळ विसरतो, चहा विसरत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे काम कुठे सोडायचे. परिच्छेद पूर्ण करून उठण्याचा मोह होतो, पण मी मुद्दाम वाक्य अर्धे ठेवून उठतो. दुसऱ्या दिवशी कोऱ्या जागेपेक्षा अर्धे वाक्य पुरे करणे फार सोपे जाते.

मुंबईच्या घरात कामाचे टेबल म्हणजे बहुधा जेवणाचेच टेबल असते, आणि रोज ते रिकामे करून पुन्हा मांडण्यातच सुरुवातीचे बळ संपते. मी सगळे काम एका मोठ्या पसरट ताटलीत ठेवतो, जुन्या लग्नातली स्टीलची परात आहे ती. जेवणाच्या वेळी परात उचलून फ्रिजवर जाते आणि नंतर जशीच्या तशी खाली येते. पेन, वही, चार्जर, शब्दकोश, काहीही शोधावे लागत नाही.

पाचवी पायरी : वेळ दिसेल अशी करणे

आपल्याला बहुधा दोनच वेळा कळतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी याला वेळेचे अंधत्व म्हटले आहे. त्यावर उलटी मोजणी हा उपाय आहे, आणि ती डोक्यात न करता कागदावर करावी. समजा, फोर्टमध्ये साडेदहाची बैठक आहे. चर्चगेटपासून चालत पंधरा मिनिटे, म्हणजे सव्वादहाला चर्चगेट. बोरिवलीहून जलद लोकलला मी तास धरतो, कारण वेळापत्रकातली वेळ पावसाला माहीत नसते. म्हणजे सव्वानऊची गाडी. जिना, पूल आणि फलाट यांना दहा मिनिटे, रिक्षाला पंधरा, म्हणजे घरातून आठ पन्नासला बाहेर. चपला घालणे, गॅस पाहणे, किल्ली घेणे यांना मी पूर्वी शून्य मिनिटे धरत असे. त्यांना खरोखर दहा लागतात. म्हणून गजर आठ चाळीसचा लावायचा, आणि त्यावर नाव द्यायचे, ‘चपला’.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोदोरो पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून बसवली. नवशिक्याने ती जरूर करून पाहावी, पण पंचवीस हा आकडा आपला मानू नये. कंटाळवाण्या कामात माझी मर्यादा बारा मिनिटे आहे, आणि रंगलेल्या कामात पंचविसाव्या मिनिटाला वाजलेली घंटा मला तासाभरासाठी बाहेर फेकते. तुमचा आकडा तुमच्या नोंदवहीतून काढा.

रंगलेल्या कामाचा धोका वेगळा असतो. तंद्री लागली की भूक, तहान, मुलाला शाळेतून आणायची वेळ, सगळे पुसले जाते. अशा वेळी फोनवरचा गजर अंगठ्याने बंद होतो आणि बंद केल्याचे आठवतही नाही. गजराचे घड्याळ उठून जावे लागेल अशा ठिकाणी, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. कुकरच्या शिट्टीला जसे उठावेच लागते, तसे उठावे लागले पाहिजे.

सहावी पायरी : सोबत

जवळ कोणीतरी आपापले काम करत बसलेले असले की अनेकांचे काम होते. त्या माणसाने मदत करायची नसते, लक्षही ठेवायचे नसते, फक्त असायचे असते. वेगळ्या नावाने आपल्याकडे हे फार आधीपासून आहे. घरी जागा नाही म्हणून मुंबईतल्या कितीतरी पिढ्या अभ्यासिकांमध्ये बसून शिकल्या, आणि तिथे जागेइतकाच उपयोग समोरच्या बाकावरच्या वाकलेल्या डोक्याचाही झाला असला पाहिजे. आपल्या वॉर्डातली अभ्यासिका शोधा. काही ठिकाणी नोकरदारांनाही बसू देतात. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जे १८९८ साली स्थापन झाले, आणि काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय ही बसून काम करण्याजोगी ठिकाणे आहेत. जाता येत नसेल तर मित्राला व्हिडिओ कॉल लावा, ‘मी पान सात करतो’, ‘मी पावत्या लावतो’ एवढे एकमेकांना सांगा, आवाज बंद करा आणि पन्नास मिनिटांनी काय झाले ते सांगा. माझा असा एक मित्र ठाण्याला राहतो, आणि गेल्या दोन वर्षांतली माझी आयकराची दोन्ही विवरणपत्रे त्याच्या मूक सोबतीत भरली गेली आहेत.

कामावर सांगायचे का, हा प्रश्न इथेच येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांच्या यादीत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे निदान सांगितले की सवलत मिळेलच असे धरून चालू नये. मी एका कार्यालयात सगळे उघडपणे सांगितले, आणि त्यानंतर माझ्याकडे येणारी मोठी कामे हळूहळू बंद झाली. त्या वर्षाचा सल अजून गेलेला नाही. आता मी निदान सांगत नाही, मला जे हवे ते मागतो : ‘सर, फोनवर सांगितलेले मला दोन ओळींत मेल कराल का?’, ‘शुक्रवारी पूर्ण देतो, पण बुधवारी निम्मे पाठवतो, तेवढे पाहून घ्या.’ ही दुसरी विनंती वरिष्ठांना आवडते, आणि आपल्याला जवळची मुदत मिळते. ज्यांचे साहेब समजून घेणारे आहेत त्यांनी सांगावे. सांगितल्याने मनावरचे ओझे खरोखर उतरते.

मोडल्यावर पुन्हा सुरू करणे

ही सगळी मांडणी मोडणार आहे. जुलैत दोन दिवस लोकल बंद पडली, घरात आजारपण आले, गणपतीचे दहा दिवस पाहुण्यांत गेले की नोंदवही कुठे आहे हेही आठवत नाही. पहिल्या वर्षी विसर्जनानंतर मी सगळे नव्याने, अधिक चांगले बसवायला घेतले, नवी वही, नवे रंग, नवा टाइमटेबल, आणि दिवाळीपर्यंत काहीच सुरू झाले नाही. आता ट्रेच्या तळाशी एक कार्ड ठेवलेले असते आणि त्यावर तीनच ओळी आहेत : जिना उतरून या. परात खाली घ्या. सर्वांत जवळची निळी तारीख असलेली फाइल उघडून पहिले वाक्य मोठ्याने वाचा. बाकीचे त्या आठवड्यात नाही आले तरी चालते. असे कार्ड तुम्हीही लिहून ठेवा, पण ज्या दिवशी काम छान चालले असेल त्या दिवशी लिहा, आणि मोडलेल्या सकाळी ते जिथे आपोआप नजरेस पडेल तिथे ठेवा.